भैरवीची फर्माईश

ऋजुताला रॅपही आवडायचं आणि लावणीही; रडक्या प्रेमगीतांनी मात्र झोप यायची. बुवांच्या बैठकीला बाबांनी तिला बजावूनच आणलं होतं, "तोंड उघडलंस तर पुन्हा आणणार नाही!"

पहिला राग संपला आणि तिला राहवेना. "बुवा, भैरवी म्हणा ना!"

सगळे चपापले. भैरवी मागणं म्हणजे 'आटपा आता' सांगणं. बाबांचा चेहरा पडला.

"एवढा कंटाळा आला का गं?" बुवांनी विचारलं.

"छे हो! सगळ्यात भारी तीच असते. पण शेवटी लोकांचं लक्ष चपलांकडे असतं."

बुवांनी हसून भैरवीच गायली. ती संपताच सवयीने अर्धी मंडळी उठली. त्यांना खाली बसवत बुवांनी ऋजुताला विचारलं, "आता काय गाऊ?"

तिने बाबांकडे पाहिलं.

"बोल की आता!" बाबा म्हणाले.