बर्फ हटाव योजना

आमच्या राज्यात नळ कोरडे पडले, म्हणून सचिव केंद्राच्या योजना मंडळाकडे टँकर मागायला गेले. थंडगार खोलीतले साहेब म्हणाले, "पाण्याचा निधी संपला. बर्फ हटवायचा शिल्लक आहे, हवा तर घ्या."

"साहेब, आमच्याकडे रस्त्यावरचं डांबर वितळतंय!"

"योजना सगळ्या राज्यांना एकच असते. तुमच्यापुरतं हवामान बघत बसू का?"

सचिवांनी राग गिळला. "बरं, पडतो आमच्याकडे बर्फ."

भर उन्हाळ्यात 'बर्फ हटाव योजना' असं रंगवलेले टँकर गल्लोगल्ली फिरले आणि लोकांनी बादल्या भरून घेतल्या. शेवटी साहेब स्वतः तपासणीला आले. घाम पुसत त्यांनी विचारलं, "अहो, पण बर्फ कुठंय?"

सचिव म्हणाले, "हटवला ना, साहेब!"