बाळंतिणीचं कालवण

लेकीला दूध यावं म्हणून चांगुणाबाई रोज मुडदुशा माशांचं कालवण रांधत. बंदरातला उपसलेला गाळ समुद्रात जिथे ओततात, तिथले मुडदुशे हल्ली चांगलेच गुबगुबीत झाले होते. गाळातलं विष शोषणारे किडे मुद्दाम तिथे सोडले होते ना!

आज घरी आलेल्या नर्सनं लेकीच्या दुधाचा थेंब विष तपासायच्या यंत्रावर टाकला आणि लाल दिवा लागला.

“अगो बाय, गाळ तर साफ झाला म्हनतात!” चांगुणाबाई म्हणाल्या.

“गाळ झाला, मावशी. विष किड्यांत गेलं आणि किडे माशांनी खाल्ले. आता बाळाला पाजू नका.”

“आनि आजवर प्यायला ते?”

नर्सनं यंत्र पुसून पिशवीत ठेवलं.

किड्यांनी पोट टम्म भरलेला मासा सकस, म्हणून बाजारात चांगुणाबाई तसेच मासे दाबून दाबून निवडत. आत बाळ पोटभर पिऊन निजलं होतं.