गुरुवारचं काम

"तुमचं गाव कुठलं म्हणायचं?" ताटात आमटी वाढता वाढता दानेश्वरीनं परत एकदा विचारलं.

"हितलंच की," राजशेखर भाकरी मोडत म्हणाला.

"हितलंच म्हंजे?"

"जवळचंच."

"आणि काम?"

"असतंय की काय ना काय."

दानेश्वरीनं पळी पातेल्यात आपटली आणि आत निघून गेली.

राजारामपुरीतल्या तिच्या खानावळीत कॉलेजची पोरं जेवायची, बँकेतले कारकून जेवायचे. कुणाचं गाव कुठलं, कुणाला पित्ताचा त्रास, कुणाची सोयरीक मोडली, सगळं तिला पाठ. हा माणूस मात्र वर्षभर जेवत होता आणि त्याच्याबद्दल तिला एवढंच ठाऊक होतं, की त्याला वांगं चालत नाही.

गिऱ्हाईक म्हणून तिनं ते सोडून दिलं असतं. पण गेल्या महिन्यात त्यानं ताक मागावं तितक्या सहज तिला विचारलं होतं, "तुमची हरकत नसंल तर आपण लगीन करू." आणि उत्तराची वाट न बघता हात धुवायला उठला होता.

"हो म्हण की," आत भाकऱ्या थापणारी आक्का म्हणाली. दानेश्वरीला ती लेकीसारखं मानायची, आणि लेकीसारखंच बोलायची. "गॅसचा संप होता तवा सिलिंडर खांद्यावर घेऊन कोण आलतं? त्या दारुड्यानं तुझा हात धरला तवा कोण उठलं?"

ते खरं होतं. दारुड्यानं मनगट धरलं तेव्हा अख्खी खानावळ ताटात बघत बसली होती. राजशेखर उठला, त्याच्या कानाशी काहीतरी बोलला. तो माणूस चपला तिथंच टाकून गेला, तो परत फिरकला नाही.

"काय सांगितलंसा त्याला?" तिनं नंतर विचारलं होतं.

"घरी जा म्हटलं."

असली उत्तरं. ऐकून तिचं डोकं भणभणायचं.

"आक्का, ज्याचं गाव म्हाईत न्हाय, त्याच्या गळ्यात माळ घालू व्हय?"

"मग अशीच मर एकटी," आक्का म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

दानेश्वरी कुरुंदवाडहून आली त्याला बरीच वर्षं झाली होती. माहेरशी संबंध तुटले होते. मागच्या दाराला ती भरदिवसा कडी घालायची. कुणी फोटो काढायला लागलं की पदर पुढं ओढून बाजूला व्हायची. अनोळखी माणूस दारात आला की आधी त्याचे हात बघायची, मग तोंड. नवऱ्याचं कुणी विचारलं तर "गेले" एवढंच म्हणायची. त्यापुढं कुणी विचारत नव्हतं.

आणि तरीही, हा माणूस कोपऱ्यातल्या बाकावर बसलेला असला की कडी घालायची तिला आठवण राहायची नाही. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

त्यात गुरुवार. दर गुरुवारी तो दुपारचा जेवायला नसायचा.

"कुठं असता?"

"जरा काम असतंय."

"गुरुवारचं कसलं काम?"

"गुरुवारचंच."

"बाई असंल कुणीतरी," आक्का म्हणाली आणि वर हसली. दानेश्वरीला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या गुरुवारी तिनं खानावळ आक्कावर टाकली. राजशेखर शिस्तीत इस्त्रीचा सदरा घालून केएमटीच्या बसमध्ये चढला. ती रिक्षानं मागोमाग गेली. गेली खरी, पण वाटभर स्वतःला शिव्या देत. या वयात असले उद्योग शोभतात का?

बस कळंब्याच्या रस्त्याला लागली. तळ्यावर जातोय, तिथं ती बाई असणार, असं दानेश्वरीनं मनाशी पक्कं केलं. पण तो तळ्याच्या अलीकडंच उतरला आणि जेलच्या भिंतीकडं चालत गेला. भेटायला आलेल्यांची रांग लागली होती. बायका, म्हातारे, कडेवर लेकरं. तो गुपचूप रांगेत उभा राहिला.

दानेश्वरीनं रिक्षा वळवायला सांगितली. बाई नव्हती. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं म्हणून परत वैताग आला. आत कुणीतरी होतं त्याचं. भाऊ असेल, बाप असेल. लाजेपोटी तोंड उघडत नसेल बिचारा. ज्याला सांगता येत नाही असं काहीतरी पोटात ठेवून जगणं म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी तो जेवायला आला तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं उठून गेली होती. तिनं ताट वाढलं आणि कधी नव्हे ते समोरच्या बाकावर बसली.

"काल मी तुमच्या मागनं आलते. कळंब्याला."

त्याचा हात थांबला.

"बघितलं मी सगळं," ती म्हणाली. "आत तुमचं कोण का असंना. चोर असू दे, खुनी असू दे, मला काय बी फरक पडत न्हाय. इचारून इचारून मी दमले. तुमचं गाव बी नको मला आता."

आतून भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आक्का ऐकत होती.

"माझं हो हाय," दानेश्वरी म्हणाली. ती त्याच्याकडं बघत राहिली. "पर आज एक तरी उत्तर सरळ द्या. आत कोण हाय तुमचं?"

राजशेखरनं घास ताटात ठेवला. मग त्यानं मान वर केली.

"माझं कोण न्हाय," तो म्हणाला. "तुमचा नवरा हाय. रेवणसिद्ध. येरवड्यात आम्ही एका बराकीत होतो, आता त्याला कळंब्याला आणलाय. मी सुटलो तवा म्हणाला, जा, ती कुणाला हो म्हणती का बघ, आणि मला येऊन सांग. दर गुरुवारी मी सांगत आलो, ती कुणाकडं बघत सुदीक न्हाय. कालपातूर ते खरं बी होतं. सोमवारी सुटतोय तो."