फोटोमागचं भोक

पासपोर्ट फोटो गळून पडला आणि रविताची चोरी उघडी पडली.

फोटो कुणाचा होता, देव जाणे. कुणीतरी काढून घेतला आणि न्यायला विसरला. रविताने तो आपल्या ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात चिकटवून टाकला होता. त्याच्यामागे एक बटण होतं. आधी हिरवं, मग केशरी आणि आता लालभडक झालेलं. ‘अपडेट करा’ म्हणून ते रोज तिच्याकडे बघायचं, म्हणून तिने त्याचं तोंडच झाकलं होतं.

“हे काय व पोरी? लाल काऊन झालं?” समोर बसलेला नत्थूलाल पुढे वाकला. साठी ओलांडलेला धानाचा शेतकरी, सकाळी सातपासून नंबर लावून बसलेला.

“काही नाही काकाजी. तुमचा ओटीपी सांगा,” रविता घाईघाईने म्हणाली. चोराच्या मनात चांदणं.

धानविक्रीच्या नोंदणीचा आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सहाला फॉर्म बंद. आणि गावात मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त कालव्याच्या पाळीवर, म्हणजे उंच काठावर. म्हणून रविताने आपली एक पद्धत बसवली होती. फॉर्म भरायचा, माणसाला पाळीवर पिटाळायचं आणि तो ओटीपी घेऊन येईपर्यंत त्याचा फॉर्म तसाच उघडा ठेवून पुढच्याला बसवायचं. या घडीला चौदा जणांचे चौदा फॉर्म अर्धवट उघडे होते. नत्थूलालचा तर पुरा होत आला होता. पण हा गडी ओटीपी सांगेना. त्याची नजर त्या बटणावरून हलेना.

शेवटी रविताने खरं सांगून टाकलं. आपण सगळे फॉर्म ज्यातून उघडतो त्या ब्राउझरला एक भोक सापडलं आहे. त्यातून चोर आत शिरून इथं लिहिलेलं वाचू शकतो. बनवणाऱ्यांना कळलं तसं त्यांनी दोन दिवसांत ते बुजवलंसुद्धा. आपण फक्त हे बटण दाबायचं. मग ते बंद होऊन पुन्हा चालू होतं, की झालं.

“दोन दिवसात बुजवलं? कोन लोक आहेत हे?”

“असतीन कुठं दूर. मीनं तं पाह्यले नाही.”

“अन् तू किती दिवसापासून झाकून राहिली?”

रविताने मान खाली घातली. “सतरा.”

इटियाडोह धरणाच्या पाण्यावर धान पिकवणाऱ्या या गावात एक रीत होती. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, भोक दिसलं की, शेत कुणाचंही असो, ज्याला दिसलं त्याने वाकून चिखलाचा गोळा दाबायचा आणि मगच पुढे जायचं. खेकडा बोटाएवढंच भोक पाडतो, पण सकाळी धानाची अख्खी बांधी कोरडी असते. नत्थूलालने आजवर एकही भोक ओलांडलं नव्हतं. साळ्याच्या लग्नात नव्या धोतरानिशी वाकला होता आणि मांडवात बायकोच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

“आधी बुजव,” तो म्हणाला. “मंग ओटीपी.”

रांगेतला टेकचंद उसळला. “काकाजी, बंद केलं तं चौदा लोकायचे फॉर्म जातीन. तुमचाही जाईन. सतरा दिवस काही झालं नाही, आजच काय होते? उद्या बुजवू.”

“माहा आधार नंबर आजच वाहून गेला, तं उद्या कायले बुजवतं?”

रविताला राग आला. त्याहून जास्त लाज वाटली. या टेबलावर गावाचे आधार नंबर यायचे, बँकेचे नंबर यायचे. समोर आपली रविता आहे म्हणून लोक बिनधास्त सांगायचे. तिने बटण दाबलं.

पडदा कोरा झाला. सगळी रांग पुढे वाकली. पडदा पुन्हा उजळला तेव्हा लाल बटण गेलं होतं आणि भरलेले चौदा फॉर्मही गेले होते.

“बस, अर्ध्या मिनटाचं काम होतं?” हे टेकचंदनेच विचारलं.

मग पुन्हा पहिल्यापासून. लोक कुरकुरले, हसले, पाळीवर पळाले, परत आले. “लोकायले मीनं थांबवलं, मी मागून,” म्हणत नत्थूलाल आपणहून शेवटी बसला. त्याचा नंबर आला तेव्हा सहाला वीस मिनिटं होती.

दारातून रविताला तो पाळीवर दिसत होता. त्याने हात वर केला. ओटीपी आला. तो लगबगीने धुऱ्यावरून यायला निघाला आणि मध्येच धानात दिसेनासा झाला. एक मिनिट गेलं, दोन गेली. ओटीपी दहा मिनिटांचा. रविताने घड्याळाकडे पाहिलं.

“पडला का काय बुढा?” प्रिंटसाठी थांबलेला टेकचंद बाहेर आला.

तेवढ्यात पांढरं डोकं वर आलं. नत्थूलाल धापा टाकत दुकानात शिरला, कोपरापर्यंत चिखलाने माखलेला. त्याने मोबाइल पुढे केला. रविताने चिखल पुसून आकडे वाचले, टाकले, बटण दाबलं. ‘नोंदणी पूर्ण.’ सहाला चार मिनिटं कमी होती. तिने मोकळा श्वास घेतला आणि तिला हसूच फुटलं.

“इतल्या घाईत तिथं काय करून राहिले होते काकाजी?” टेकचंदने विचारलं.

“धुऱ्याले भोक होतं. पानी जाऊन राहिलं होतं.”

“कोनाच्या?”

“तुह्याच.”

टेकचंद ओशाळला. “मंग मले हाक मारायची. मी इथंच तं होतो.”

नत्थूलालने हातावरचा वाळत आलेला चिखल खरवडला.

“तुले सांगतलं असतं, तं तू म्हटला असता, उद्या बुजवू.”