शपथेआधीची सुई

शपथेआधी प्रत्येक खासदाराला पक्ष विसरायला लावणारी सुई घ्यावी लागे. ती टोचायला त्याच्याच मतदारसंघातली नर्स येई. भोंडवेसाहेबांसाठी पिंपळदरीच्या यमुताई आल्या.

पिंपळदरीचा दवाखाना विरोधी पक्षाने मंजूर करून आणला, म्हणून भोंडव्यांनी आमदार असताना तो अडवून ठेवला होता. यमुताईंची लेक बाळंतपणात तालुक्याच्या वाटेवरच गेली. पक्षापलीकडे पाहणारा खासदार त्यांना हवाच होता. पण आज तेवढ्याने भागणार नव्हते.

"ताई, सगळंच विसरेन का हो?"

"छे. पक्ष तेवढा जाईल. बाकी लख्ख आठवेल."

सुई टोचून त्यांनी कापूस दाबून धरला. हळूहळू साहेबांचा चेहरा उतरला.

"ताई, पिंपळदरीचा दवाखाना मी अडवला होता. पण का?"

"करा विचार," यमुताई म्हणाल्या. "पाच वर्षं आहेत."