विवाहित : हो

विजयमालाबाईंनी पर्स टेबलावर अशी आपटली, की श्यामसुंदररावांचा कप बशीतून उठला आणि पुन्हा बशीतच बसला.

"माझ्या जयसिंगचं लग्न परस्पर लावलंत? आईला आमंत्रण नाही ते!"

सदाशिव पेठेतल्या त्या वधुवर मंडळाचे चालक श्यामसुंदरराव चष्मा पुसत राहिले. "आपला एकटाच नाही, बाई. नवी वेबसाइट झाल्यापासून आमच्याकडची सगळीच स्थळं विवाहित दिसतायत. ही सुनीती तेच दुरुस्त करायला आलीय."

"कोथरूडच्या पाहुण्यांनी वाचलं ना! रविवारी बैठक हाय. आज फोन करून विचारतात, पहिली बायको कुठं ठेवली? संध्याकाळपर्यंत नीट दिसलं नाही, तर बैठक मोडली म्हणतात. कात्रजमध्ये तोंड कुठं दाखवू?"

"मुलगा काय म्हणतो?"

"त्याला काय विचारायचं? सकाळपासून फोन उचलत नाही."

कोपऱ्यातल्या सुनीतीचा फोन थरथरला. तिनं तो पालथा घातला.

"काकू, जुन्या डेटाबेसमध्ये हो-नाही असा प्रकारच नव्हता. 'हो'ला वाय आणि 'नाही'ला एन, असं अक्षर ठेवायचे. नव्यात सरळ खरं किंवा खोटं. माहिती इकडून तिकडे नेताना प्रोग्रामनं फक्त रकाना रिकामा आहे का ते पाहिलं. एन होता, म्हणजे काहीतरी होतं. म्हणून लागलं 'खरं', म्हणजे विवाहित."

"म्हणजे नाही म्हटलेलंही हो? अक्कल कुणाची ही?"

"माझ्या पुतण्याची," श्यामसुंदरराव म्हणाले. "फुकट केलंन्, आणि फुकटासारखंच केलंन्."

सुनीतीनं बटण दाबलं. पडद्यावरची स्थळं भराभर अविवाहित झाली. मग आडनाव न विचारताच तिनं जयसिंगचं पान उघडलं.

विवाहित : हो.

विजयमालाबाईंच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. "साऱ्या गावाची लग्नं सोडवलीस, माझ्याच पोराचं ऱ्हायलं? जमत नसेल तर ऊठ तिथनं! दुसरा माणूस बसवते मी."

सुनीती उठली. ओढणी डोक्यावरून घेतली आणि वाकून बाईंच्या पायांना हात लावला.

"माफी नको मला!" बाई पाय मागे घेत कडाडल्या. "चूक दुरुस्त कर."

"बाकीच्या चुका प्रोग्रामच्या होत्या, सासूबाई. ही एक नोंद मी हातानं भरलीय."