रिकामं आसन

बुसानमधल्या आपल्या घरी हेरिनने कॉलेजच्या तिघी मैत्रिणींना दुपारीच जमवलं होतं. खेळ नेहमीचाच. सगळ्यांना एक शब्द कळतो, एकीला कळत नाही आणि ती थापा मारत राहते. पकडली गेली की सोजू दारूचा पेला तिने रिकामा करायचा.

आधी सुबिन पकडली गेली. पिताना तिने तोंडावर हात धरून मान भिंतीकडे वळवली, वडीलधाऱ्यांसमोर पितात तशी.

"इथे काय तुझी आजी बसलीये?" हेरिनने टोमणा मारला.

सुबिन हसली नाही. पुढच्या डावात नारे हरली, तिनेही मान वळवली. मग बोग्योंगने. तिघींनी तोंड फिरवलं ते टेबलापलीकडच्या रिकाम्या आसनापासून.

"मला घाबरवायचं ठरवून आलात का गं?"

"हळू बोल," नारे कुजबुजली. "ते ऐकतायत."

हेरिनचं डोकं फिरलं. "माझ्या घरात मला न विचारता कुणी वडील होऊन बसायचं नाही," म्हणत ती उठली आणि खुशाल त्या आसनावर जाऊन बसली. आसन उबदार होतं. कुणी ओतायची वाट न बघता तिने स्वतःच पेला भरला आणि ताठ मानेने एका दमात संपवला.

"चला, पुढचा डाव."

तिघींनी माना खाली घातल्या. सुबिनने दोन्ही हातांनी बाटली तिच्यापुढे धरली. "आपल्याला अजून देऊ का?"

मग हेरिनच्या मघाच्या, आता रिकाम्या जागेकडे वळून ती दबक्या आवाजात म्हणाली, "हेरिन, तूही मान वळव ना."